दोघींच्या मधली मी

गेल्या महिन्यात मला एक मेल आला. सोबत चार पानं जोडलेली होती. आमच्या वरच्या मजल्यावर जवळजवळ वर्षभर राहून गेलेल्या एका बाईनं ती लिहिली होती. बाई हंगेरीची. परदेशात राहताना आजूबाजूचं रोजचं जगणं कसं दिसलं, या विषयावर तिकडच्या एका मासिकाला तिचा लेख हवा होता. तिचा परदेश म्हणजे आमची शिरूरची गल्ली. आपल्या भाषेतलं लिखाण इंग्रजीत करून तिनं मला पाठवलं होतं आणि वर लिहिलं होतं : काही चुकीचं असेल तर सांग. कुणाला लागेल असं काही असेल तर तेही सांग. दोन आठवड्यांनी हे छापायला जाणार आहे.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. तपासायला कागद आला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मी शाळेतच प्रिंट काढली, घरी आले, चहा टाकला आणि बसले.

पहिल्या पानावर दोन चुका निघाल्या. घंटागाडी रोज येते असं तिनं लिहिलं होतं. ती तेव्हा एक दिवसाआड यायची. शेवंतीला तिनं झेंडू म्हटलं होतं. बाकी सगळं बरोबर, आणि इतकं बरोबर की मला आश्चर्य वाटलं. या गल्लीत कुणी बेल वाजवत नाही, असं तिनं लिहिलं होतं. माणूस कडी वाजवतो आणि 'हायेत का घरात' असं विचारीपर्यंत निम्मा आत आलेला असतो. सकाळी कंपनीची पहिली बस चौकात लागायच्या आधीची दहा मिनिटं तिनं पानभर लिहिली होती. गळ्यात उलटं ओळखपत्र घालून निघालेला, डबा विसरला म्हणून अर्ध्या गल्लीतून परत पळणारा, आणि ज्याची गाडी रोज त्याची बायको किक मारून सुरू करून देते तो.

चौथ्या पानावर मी थांबले. तिथं असं होतं : 'समोरच्या घरातली बाई सुरुवातीला मला रोज काही ना काही पाठवायची. मग ते थांबलं. तिच्या मुलीच्या लग्नाला सगळी गल्ली गेली, मला बोलावणं आलं नाही. मी काय चुकले ते मला आजवर कळलेलं नाही. खूप विचार केला. कदाचित मी त्यांच्याकडे फार टक लावून बघत असेन.' आणि शेवटची ओळ माझ्याबद्दल होती. 'माझी घरमालकीण मात्र मला कधी अंतरली नाही. शांत, सरळ बाई. ती नसती तर मला ही गल्ली कळलीच नसती.'

मी पेनाला टोपण लावलं.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. जे केलं ते मी केलं. तीन वर्षं मी हे कुणाला बोलले नाही, घरातसुद्धा. आता सांगणार आहे. नावं कुणाचीच घालत नाही. समोरच्या बाईनं तशी अट घातली आहे.

त्या हंगेरीच्या बाईचा नवरा रांजणगावला एका कंपनीत मशिनरी बसवायला आला होता. कंपनीनं पुण्यात फ्लॅट दिला होता. पण नगर रोडच्या ट्रॅफिकला तो कंटाळला, आणि लिफ्टच्या इमारतीत दिवसभर दार लावून बसायला ही कंटाळली. आमच्या ह्यांच्या ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरनं विचारलं, तुमचा वरचा मजला मोकळा आहे का. होता. मुलगा बंगळूरला नोकरीला लागल्यापासून वर आम्ही फक्त कांदे पसरायचो.

आठवड्याभरात गल्लीनं तिचं नाव 'वरची' ठेवलं. वरची सकाळी सहाला गॅलरीत येऊन बसायची, हातात कॉफी आणि मांडीवर वही. कुणी वर बघितलं की हात हलवायची. पहिले चार दिवस कुणी हात हलवला नाही, पाचव्या दिवसापासून सगळे हलवायला लागले. गल्लीच्या तोंडाशी राहणारे आप्पा एसटीतून रिटायर झालेले. त्यांनी मला अडवून विचारलं, "बाई, ती वरची सारखं काय लिवती वो? जनगणना आली का काय?"

"गल्ली बघते, आप्पा. आवडतं तिला."

"बघू द्या की. माझं वय जरा कमी लिवाया सांगा."

तसं सांगायला त्यांना माझ्याकडेच यावं लागायचं. सगळ्यांनाच यावं लागायचं, कारण गल्लीत धड इंग्रजी बोलणारी मी एकटी. ती काय खाते, तिला मुलं का नाहीत, नवरा एवढा उशिरा का येतो, केस खरे आहेत का रंगवलेले, सगळे प्रश्न माझ्या ओट्यावर. आणि तिचे प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात.

मी कवठे येमाईची. या गल्लीत लग्न होऊन आले त्याला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. मला बोलायची सवय नाही. बायका ओट्यावर गवार निवडत बसायच्या आणि मी दार लोटून पेपर तपासत असायचे. 'बाईंना टाइम नसतो' असं त्या म्हणायच्या. ते खरंही होतं आणि टोमणाही होता. सव्वीस वर्षांत माझ्या ओट्यावर कुणी थांबलं नव्हतं. वरची आली आणि थांबायला लागले. मला ते फार आवडलं. किती आवडलं ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर मी काय काय केलं त्यावरून कळलं.

समोर चाची राहायच्या. फुलांचं दुकान चौकात, पण हार घरीच ओवायच्या. दारात ओलं गोणपाट, त्यावर फुलांचे ढीग, आणि मधोमध पाय पसरून चाची. गणपतीचे हार, लग्नाचे, निवडून आलेल्यांचे, मयताचे, दर्ग्याच्या चादरी, सगळं त्यांच्याच हातचं. निमोण्याला आमची शेती आहे. आमची शेवंती त्यांच्याच दुकानात जायची. त्यामुळे येणंजाणं होतं, बोलणं बेताचं.

एक दिवस वरची जिना उतरली आणि सरळ जाऊन त्या गोणपाटावर बसली. मला विचारलं नाही. मी लगबगीनं बाहेर आले, म्हटलं काही सांगायचं असेल. चाचींनी तोवर तिच्या हातात सुई दिली होती.

"देठातनं घाल. असं न्हाई, हितनं. हां. दोन फुलं, एक पान." चाची तिच्याशी जराही सावकाश बोलत नव्हत्या, आपल्याशी बोलतात तशाच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा बाई तुम्ही. आमचं चाललंय."

आणि चाललंही. महिन्याभरात वरचीला सुई, दोरा, देठ, पान, पाणी शिंपड, एवढं येऊ लागलं. 'न्हाई' ती चाचींसारखंच म्हणायची. मी शिकवलेलं 'नाही' तिच्या तोंडी बसलं नव्हतं. मी खिडकीशी कणीक मळायचे आणि बाहेर त्या दोघी हसायच्या. कशाला हसतात ते मला ऐकू यायचं नाही. शाळेतून आले की वरची पूर्वी जिन्यात माझी वाट बघत असायची. आता मी जिन्याकडे बघायचे.

मग वाट्या सुरू झाल्या. चाचींकडून कधी खीर, कधी दालचा. आप्पांच्या सुनेकडून शेंगोळे. आमच्याकडे आलेली वाटी रिकामी परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पाच शेंगदाणे, कढीपत्त्याची काडी. हे कुणी कुणाला शिकवत नाही, बघून येतं.

वरचीनं तीन वाट्या धुवून ठेवल्या आणि मला वर बोलावलं. ताटात तिनं छोटे छोटे गोल केक केले होते, मधे जर्दाळूचा जॅम. ती म्हणाली, आमच्याकडे आजी सांगायची, शेजारणीचं भांडं मोकळं परत द्यायचं नाही. तुमच्याकडे तसं आहे का?

तिनं नेमकं तेच विचारलं. तिला माहीत होतं.

मी म्हटलं, आमच्याकडे असं काही नाही. धुवून द्यायची. आणि याच्यात अंडं आहे ना, ते इथं कुणी खाणार नाही.

चाची अंडं खातात हे मला माहीत होतं. आप्पांच्या घरी तर आठवड्यातून दोनदा अंड्याची पोळी होते. वरचीचा चेहरा पडला. मग तीच म्हणाली, बरं झालं तुला विचारलं, आणि ताट माझ्या हातात दिलं. मी ते खाली आणलं आणि दोन दिवसांत सगळे केक मी खाल्ले. ह्यांना एक दिला. चांगले झाले होते.

तिन्ही वाट्या मोकळ्या गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा मोकळ्या गेल्या. आप्पांच्या सुनेनं बंद केलं. चाचींनी बंद केलं नाही. त्या माझ्याकडे आल्या. "बाई, तिला जरा सांगा की. मला काय न्हाई वाटत, नवीन हाय ती. पण बाकीच्या बोलत्यात."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, सांगितलं का. मी म्हटलं, सांगितलं. एवढंच. मग तिकडून वाट्या येणं हळूहळू बंद झालं. वरची मला विचारायची, चाची बऱ्या आहेत ना. मी म्हणायचे, सीझन आहे, कामात आहेत. सीझन होताच. त्यामुळे ती गोणपाटावर बसायला गेली तरी चाची मान खाली घालून ओवत राहायच्या, आणि माझं बोलणं तिला खरं वाटायचं.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी आज कदाचित लिहिलं नसतं. मनातल्या मनात मिटवून टाकलं असतं. पण चाचींच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं.

चाची पत्रिका घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. दोन होत्या, एक आमची आणि एक वरचीची. "ही तिला वाचून दावा. आन् सांगा, हळदीला माझ्याशेजारी बसायचं तिनं. झालं गेलं सोडा. पोरगी माझी सारखी इचारती, ती येणार हाय का म्हणून. हिरव्या बांगड्या भरायच्यात तिला, हाताचं माप घिऊन ठिवा."

ती पत्रिका मी ड्रॉवरमध्ये ठेवली, चाचणीच्या पेपरांखाली. दोन दिवसांनी चाचींनी हाक मारून विचारलं, काय म्हणाली. मी गल्लीतच उभी होते.

"नाही म्हणाली, चाची. ती बाहेरचं खात नाही."

"बाहेरचं म्हंजी?"

"म्हणजे कुणाच्या घरचं."

चाची माझ्याकडे बघत राहिल्या. "कुणाच्या, का आमच्या?"

मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं. त्या वेळी एक शब्द बोलले असते, कसलाही, तरी चाललं असतं. या गल्लीत मी सव्वीस वर्षं राहिलेली. त्यांच्या घरी कोण पाणी पितं आणि कोण कारण सांगून टाळतं हे मला तोंडपाठ आहे. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्या काय लावतील ते मला माहीत होतं आणि मी तो लावू दिला.

चाची म्हणाल्या, "बरं," आणि आत गेल्या.

वरचीला मी सांगितलं की लग्न घरातल्या घरात आहे. मग हळदीच्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळी गल्ली नटून त्या दारात शिरली. मीही शिरले. चाचींनी मला शेजारी बसवलं. हिरव्या बांगड्या मला भरल्या. दार उघडं होतं आणि तिथून आमची गॅलरी सरळ दिसत होती. वरची खुर्चीत बसली होती. वही मिटलेली. तिनं माझ्याकडे बघून हात हलवला. मी हलवला नाही. हातात हळद आहे असं दाखवलं.

दीड महिन्यानं ती पुण्याच्या फ्लॅटवर परत गेली. नवऱ्याचं काम अजून सहा महिने होतं. जाताना तिनं मला घट्ट धरलं आणि म्हणाली, तुझ्यामुळे राहिले एवढे दिवस.

हे सगळं त्या चौथ्या पानानं पुन्हा समोर आणून ठेवलं. आधी मी सुटायला बघितलं. मेल उघडून लिहिलं की गल्लीत त्या वेळी काही गैरसमज झाले होते, तू मनाला लावून घेऊ नकोस. वाचलं आणि पुसून टाकलं. तीन दिवस रोज काहीतरी लिहायचे आणि पुसायचे. चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी ह्यांच्याबरोबर निमोण्याला गेले. हे शेवंती तोडत होते. मी पलीकडच्या सरीत उभी राहून सगळं सांगितलं. ह्यांनी तोडणं थांबवलं नाही.

सांगून झाल्यावर म्हणाले, "तीन वर्सं झाली. आता कशाला उकरतीस?"

"ते छापून येणार आहे."

"हंगेरीत. तिथं कोण वाचणार हाय शिरूरचं?"

"मी वाचलंय ना."

हे पुढच्या झाडाकडे सरकले. सरी संपली तशी पाटी उचलली आणि म्हणाले, "मग चाचीला आधी सांग. तिला दुसऱ्याकडनं कळाया नको." थोडं पुढं जाऊन वळले. "मला वरचीनं जाताना इचारलं व्हतं. 'चाची राग?' एवढंच म्हणली. मी म्हणलं, मला ठावं न्हाई. मला वाटलं बायकांचं काहीतरी आसल."

चाची आता दौंडला असतात. चाचा गेल्यावर दुकान पुतण्याकडे गेलं आणि रेल्वेत असलेला मुलगा त्यांना घेऊन गेला. मी फोन केला. "या की," त्या म्हणाल्या. "काय काम काढलं?" मी म्हटलं, समोर सांगते. त्यांनी पुढं विचारलं नाही.

सोमवारी रजा टाकली. हे स्टँडवर सोडायला आले. न्हावरा, चौफुला करत गाडी जाईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. पहिल्या तासाआधी नवीन मास्तरीण जुळवत बसते तशी. कुठलंच वाक्य 'मी'नं सुरू होत नव्हतं. मग ठरवलं की तिथं गेल्यावर पहिलं वाक्य 'मी'नंच सुरू करायचं, पुढचं पुढं बघू.

स्टेशनच्या पलीकडे मुलाचं घर आहे. चाची पडवीत बसून लसूण सोलत होत्या. वाळल्या होत्या. "बसा. इथं फुलं न्हाईत, हाताला काय काम द्यावं कळत न्हाई. सारा लसूण सोलून ठिवते, सून वरडती, एवढा कुणाला लागतो म्हणून." मग गल्लीचं विचारलं. "आप्पा हायेत का?"

"आहेत. कान गेलेत."

"बरं झालं. बायकूचं ऐकाया नको."

एरवी मी हसले असते. "मी तुमच्याशी खोटं बोलले होते, चाची," मी म्हटलं, आणि एका दमात सगळं सांगितलं. पत्रिका, वाट्या, केक, बाहेरचं खात नाही, आणि गप्प राहिले ते. त्यांचा हात लसणावर चालूच होता.

"म्हंजी पत्रिका तिला दिलीच न्हाई."

"नाही."

"आन् ती वाटीत घालायला करत व्हती ते?"

"मी देऊ दिलं नाही. मी खाल्लं."

"तुम्ही खाल्लं," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत. हातातली पाकळी ताटलीत टाकली.

"मला काय वाटलं ठावं हाय? मला वाटलं, तिला कुणीतरी सांगितलं आसल, ह्यांच्याकडचं खाऊ नगं म्हणून. नायतर तिला काय म्हाईत आम्ही कोण आन् तुम्ही कोण. मग मी शोधत बसले, कुणी सांगितलं आसल. आप्पांच्या सुनंवर संशय गेला माझा. सहा महिनं बोलले न्हाई तिच्याशी. तिचं बाळ आजारी पडलं तवा दारात गेले न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्यावर गेलाच न्हाई माझा संशय. म्हणलं, बाई बोलतच न्हाईत, मग खोटं कवा बोलणार."

आप्पांच्या सुनेचं मला माहीत नव्हतं. गाडीत जुळवलेल्या वाक्यांत ते कुठंच नव्हतं. त्या दोघी बोलत नाहीत हे मी समोरच राहून सहा महिने बघितलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "चाची, माझं चुकलं."

"ते झालंच. फोन लाव तिला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मला अगं-तुगं बोलल्या.

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर. आन् मी बोलीन ते सगळं सांगायचं तिला. एक शब्द गाळायचा न्हाई."

तिकडे सकाळ होती. वरचीनं फोन उचलला, मी दिसले तशी हसली, आणि मग शेजारी चाची दिसल्या. "चाची," ती म्हणाली आणि तिनं फोन जवळ ओढला.

चाचींनी फोन माझ्या हातातून घेऊन भिंतीला टेकवून ठेवला. "तिला म्हण, ह्या बाईनं तुला खोटं सांगितलं. मलापण. मी तुला लग्नाला बोलावलं व्हतं."

मी सांगितलं. सांगता सांगता पुढं बोलत राहिले, की मी तेव्हा एकटी होते, की तुम्ही दोघी हसायचात आणि मला—

"थांब," चाची म्हणाल्या. "मी एवढं लांब बोलले न्हाई. तू काय जोडलंस?"

"का केलं ते सांगत होते."

"ते तू तुझं नंतर सांग. आधी माझं सांग."

मग मी त्यांचंच सांगितलं. तू आमच्याकडचं खात नाहीस असं मला वाटलं. तू गोणपाटावर यायचीस तेव्हा मी मान वर केली नाही, ते त्यामुळं. माझी पोरगी विचारत होती. मी रागात होते, आणि राग चुकीच्या माणसावर होता. प्रत्येक वाक्यानंतर चाची थांबायच्या, माझं इंग्रजी संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मग पुढचं बोलायच्या. मी शाळेत इतकी वर्षं भाषांतर शिकवलं. इतकं नीट कधी केलं नव्हतं.

वरची चाचींकडेच बघत होती. माझ्याकडे तर बघतच नव्हती. मग तिनं चाचींना विचारलं, आणि मी मराठीत सांगितलं : लग्न कसं झालं? मुलगी काय नेसली होती?

चाची सावरून बसल्या. आणि त्यांनी लग्न सांगायला सुरुवात केली. दोन दिवस आधी पुण्याहून आलेल्या नणंदेनं मांडवाच्या रंगावरून कसं तोंड वाकडं केलं. मुलीचा घागरा ऐन वेळी कमरेत कसा सैल झाला आणि तो हार ओवायच्या दोऱ्यानं कसा टाचला. बिर्याणीवाल्यानं मीठ दोनदा घातलं. वऱ्हाडाची गाडी चुकून नगरच्या रस्त्याला लागली. निकाहाच्या वेळी चाचा आत जाऊन का रडत होते. पाऊण तास त्या बोलत होत्या, वरची मधे मधे विचारत होती, आणि मी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत होते. मी त्या लग्नात होते. जेवले होते. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

शेवटी वरची माझ्याशी बोलली. एकच वाक्य.

"काय म्हणली?" चाचींनी विचारलं.

"म्हणाली, माझ्याशी ती नंतर बोलेल. आज नाही."

"बरोबर हाय," चाची म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी ताटली पुन्हा ओढली. चहाचं विचारलं नाही, मीही थांबले नाही. मी चपला घालत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "मी माफ बिफ केलं आसं समजू नगंस. ते माझं मी बघीन. आन् लिवायचं आसल तर लिव, नावं घालू नगं. आप्पांच्या सुनंला कवा सांगतीस?"

"आज. गेल्या गेल्या."

"उद्या सकाळी मी फोन करून तिला इचारणार हाय."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. फोनवर मेल उघडला आणि उत्तर लिहिलं. घंटागाडीचं लिहिलं, शेवंतीचं लिहिलं. चौथ्या पानावर काय खरं होतं ते तिनं आता ऐकलंच होतं. तेवढ्याखाली लिहिलं, की शेवटची ओळ, माझ्याबद्दलची, ती काढून टाक; तिच्या जागी काय घालायचं ते तू ठरव, मी तपासणार नाही. पुसायच्या आत पाठवून दिलं. गाडी अजून न्हावऱ्याच्या अलीकडेच होती.

शिरूरला उतरले तेव्हा पाच वाजले होते. हे घ्यायला आले होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पुढं व्हा, मी चालत येते. गल्लीच्या तोंडाशी आप्पा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी काही विचारलं, मी हातानंच नंतर सांगते म्हटलं. त्यांची सून दारात वाळवलेले गहू पोत्यात भरत होती. मला बघून तिला नवलच वाटलं. "बाई, तुम्ही? काय पायजे का?"

"पोतं राहू दे जरा," मी म्हटलं आणि ओट्यावर बसले. "बस इथं. मला तुला एक सांगायचंय, आणि त्यात माझी चूक आहे."